दोनशे बारा नंबरचा बिल्ला

मंगळवारी सकाळी साडेनऊला माझ्या शॉवेलच्या बादलीला लाकूड लागलं. बादली खडकाला भिडली की दांड्यातून कोपरापर्यंत हिसका बसतो. लाकडात ती गप्पकन शिरते. बावीस वर्षं मी हे खाण खणायचं घराएवढं धूड चालवतोय, मला वाकून बघायची गरज नव्हती. मी इंजिन बंद केलं.

या लाकडाची मी दोन वर्षं धास्ती घेतली होती. रोश-ब्लांशमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसची खाण आधी जमिनीखाली होती, बोगद्यांची. पुढे कंपनीने वरूनच खड्डा खणायला घेतला, आणि तो खड्डा दरवर्षी रुंद होत गावाला खात सुटला. आधी स्टेशन गेलं, मग शाळा, मग चर्च. आमचं घर माझ्या आठवणीत दोनदा हललं आहे. खाली ओंडके घालून, पुढे ट्रॅक्टर जुंपून, आत चूल पेटती ठेवून. तिसऱ्यांदा ते या शरदात हलायचं होतं. आणि या खेपेला खड्डा सरकणार होता तो नेमका सहा नंबरच्या जुन्या बोगद्याकडे.

सहा नंबर १९३१च्या ऑक्टोबरात बसला. पाच माणसं आत राहिली. वरचा डोंगर पुन्हा हलेल म्हणून कंपनीने बोगद्याचं तोंड बुजवून टाकलं, त्या बुजवलेल्या तोंडावर तेव्हाच्या पाद्र्याने प्रार्थना म्हटली, आणि संपलं. त्या पाचांत माझा बाप होता, ओविद पेपें. मी सहा वर्षांचा होतो.

म्हणजे बापाला उकरून काढायचं काम माझ्याच वाट्याला आलं. फोरमनने मुद्दाम दिलं असं नाही, पाळीच तशी लागली. आमचा सुरुंगवाला कॉनराद मला म्हणाला होता, ‘‘रजा घे की लेका. दुसरा कोणी बसेल त्या खुर्चीत.’’ पण दुसऱ्याची बादली माझ्या बापातून आरपार गेली असती तर? त्यापेक्षा माझी बरी. निदान मी थांबलो तरी असतो.

आणि मी थांबलो.

कॉनराद दिवा घेऊन आला. तो अठ्ठावन्नचा, पोट सुटलेला, पण भोकात शिरायची वेळ आली तेव्हा तोच पुढे झाला, मी त्याच्या मागे. बोगद्याच्या छताच्या तुळया मोडून पडल्या होत्या, त्यांच्या मागे दहा-बारा पावलांची जागा जशीच्या तशी राहिली होती. कोरडी ठाक. सगळीकडे अ‍ॅस्बेस्टॉसची पांढरी लव, पिंजाऱ्याच्या दुकानात असते तशी. पाचही जण भिंतीला टेकून ओळीने बसले होते. त्यांना तसं बसलेलं बघून मला रडू येईल असं मी इतकी वर्षं समजत होतो. रडू आलं नाही, राग आला. इतके जवळ होते. गावापासून दोनशे पावलं.

मी बिल्ले शोधायला लागलो. त्या काळी बोगद्याच्या तोंडाशी एक फळी असे, तिला खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एका माणसाचा पितळी बिल्ला. खाली उतरताना आपला बिल्ला काढून पट्ट्याला अडकवायचा, वर आलं की परत खिळ्यावर. रिकामा खिळा म्हणजे माणूस खाली. फोरमन कधी तोंडं मोजत नसे, खिळे मोजत असे. ज्या दिवशी बोगदा बसला त्या दिवशी पाच खिळे रिकामे होते, आणि माझ्या बापाचा दोनशे बारा नंबर त्यांतला एक. लहान असताना मला पाढे येत नव्हते, पण दोनशे बारा येत होता. आई प्रार्थनेच्या शेवटी तो आकडा म्हणायची.

दोनशे बारा शेवटच्या माणसाच्या पट्ट्याला होता. मी अंगठ्याने पुसला. मग त्याच्या पायांकडे बघितलं.

उजवा बूट साधा होता. डाव्या बुटाचा तळ तीन बोटं जाड होता.

असा बूट आमच्या गावात एकाच माणसाचा होता. तेलेस्फोर रोबेर्जचा डावा पाय आखूड होता, आणि त्याची बायको अल्बर्तीन त्याच्या बुटाला कारखान्यातल्या पट्ट्याच्या रबराचे थर ठोकून द्यायची. आमच्या शेजारचंच घर. तो चालायला लागला की आम्ही पोरं मागून तसंच टकटक करत जायचो आणि तो खोटंखोटं रागवायचा.

‘‘कॉनराद,’’ मी म्हणालो, ‘‘हा माझा बाप नाही.’’

कॉनरादने दिवा खाली नेला, परत वर घेतला. ‘‘मी काही बघितलं नाही,’’ तो म्हणाला.

‘‘बघितलंस.’’

‘‘बरं, बघितलं. पुढे?’’

‘‘याच्याकडे माझ्या बापाचा बिल्ला कसा?’’

‘‘कसा म्हणजे? दिला असेल.’’ तो चिडूनच बोलला. ‘‘तुला काय वाटतं, आम्ही काय संत होतो? कुणाला लग्नाला जायचंय, कुणाची अजून उतरली नाही, कुणाला मासे धरायचेत. दुसऱ्या पाळीतल्या मित्राला आपला बिल्ला द्यायचा. तो खाली उतरणार, खिळा रिकामा, फोरमन खूश. मी स्वतः दोनदा दिलाय. कळलं असतं तर दोघांनाही हाकललं असतं, म्हणून बायकोलासुद्धा सांगायचं नाही अशी रीत.’’

‘‘मग तेव्हा बोलला का नाहीस? बोगदा बसला तेव्हा?’’

‘‘काय बोलू? तुझा बाप चर्चमध्ये गाणारा, दारूला न शिवणारा. तेलेस्फोर आधी एकदा अमेरिकेला सूतगिरणीत जाऊन आलेला, वर पिणारा. दोघांतला कोण पळाला असेल, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मलाही नाही.’’ त्याने दिवा या हातातून त्या हातात घेतला. ‘‘थोडी वाटली होती. पण मी बावीस वर्षांचा होतो, नोकरी नवी होती.’’

मी तो डावा बूट काढून घेतला. हलकाच निघाला. माझ्या डब्यातला पाव आणि थर्मास बाहेर काढला, बूट आत ठेवला आणि झाकण लावलं. का केलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगतो. मला आईचं तोंड दिसलं.

तेलेस्फोर पळाला, हे रोश-ब्लांशमध्ये छत्तीस वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी त्याची पाळी नव्हती आणि त्याचा बिल्ला खिळ्यावर लटकत होता. अल्बर्तीन फळीपाशी उभी राहून ओरडत होती, ‘‘अहो, तो डबा घेऊन कामावर गेलाय,’’ आणि फोरमन तिला बिल्ला दाखवत होता. चार दिवसांनी पलीकडच्या स्टेशनचा मास्तर म्हणाला, त्या सकाळी टोपी कानावर ओढलेला एक माणूस अमेरिकेच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या गाडीत चढला. झालं. तो माणूस लंगडत होता का, एवढंसुद्धा कोणी त्याला विचारलं नाही. त्यानंतर गावात कुणाचा नवरा जेवायला उशिरा आला की बायका हसत म्हणायच्या, ‘‘डबा घेऊन गेलाय का? मग विसर आता.’’ अल्बर्तीन दुकानात असली तरी म्हणायच्या.

आणि माझी आई, एक्सिल्दा पेपें, खाणीची विधवा. चर्चमध्ये पहिल्या बाकावर जागा, चार डिसेंबरला खाणकामगारांच्या सणाला मिरवणुकीत पुढे. मी बावीसचा असताना मला तेलेस्फोरच्या मुलीशी, जानीनशी, लग्न करायचं होतं. आई म्हणाली, ‘‘पळपुट्याची पोर ओविदच्या घरात? मी मेल्यावर आण.’’ जानीनने वर्षभर वाट बघितली, मग माँरियाल शहरात गेली, सिगारेटच्या कारखान्यात लागली, तिकडेच लग्न केलं. मी केलं नाही. हे सगळं माझ्या डब्यात त्या बुटाबरोबर बसलं होतं, आणि झाकण नीट लागत नव्हतं.

दुपारी घरी गेलो तर आईला बातमी कळलेली होती. कंपनीचा माणूस बिल्ला दाखवून गेला होता. आई दारात उभी होती. सदुसष्ट वर्षांची बाई, गुडघे धरलेले, आणि ती पायऱ्या उतरून धावत आली.

‘‘सापडला ना रे? तूच काढलास ना त्याला?’’

‘‘हो.’’

‘‘कसा होता?’’

‘‘बसलेला होता.’’

‘‘बसलेला,’’ ती म्हणाली, आणि मला धरून रडली, आणि मग माझ्या छातीवर एक गुद्दा मारून हसली. ‘‘दमला की असाच बसायचा, भिंतीला टेकून. मेला.’’

संध्याकाळी मी तिला गुणगुणताना ऐकलं. छत्तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. काळा झगा बाहेर काढून ती त्याला इस्त्री करत होती आणि माझा बाप चर्चमध्ये गायचा ते भजन तिच्या नाकातल्या नाकात चाललं होतं. मी अंगणात गेलो, परत आत आलो, परत अंगणात गेलो.

‘‘अरे बस की एका जागी. तुझ्या अंगात काय मुंग्या सोडल्यात?’’

शुक्रवारी पेटी घरी यायची होती आणि शनिवारी दहाला दफन. कबरीचा दगड तर पस्तीस वर्षांपूर्वीच बसवलेला होता, बापाचं नाव कोरून, खाली काहीच नसताना. शनिवारी दहानंतर त्या नावाखाली तेलेस्फोर कायमचा गेला असता. म्हणजे माझ्या हातात तीन दिवस होते.

बुधवारी कामावरून सुटल्यावर मी अल्बर्तीनच्या फाटकाशी गेलो. ती कोंबड्या पाळते. ती मला बघून बाहेर आली, हात एप्रनला पुसत. बारीक, ताठ, केस पुरुषासारखे कापलेले.

‘‘काय रे रोझेर?’’

‘‘मादाम अल्बर्तीन... अंडी आहेत का?’’

तिने बारा अंडी दिली. गुरुवारी सकाळी मी पुन्हा गेलो आणि पुन्हा बारा अंडी घेऊन आलो. गुरुवारी संध्याकाळी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ती म्हणाली, ‘‘कोंबड्यांनाही काही मर्यादा असते बाबा. सहाच आहेत.’’ मग माझ्याकडे जरा बघत राहिली. ‘‘तुझा बाप सापडला. बरं वाटलं मला, खरंच सांगते. निदान कुठे आहे ते कळलं.’’

मी सहा अंडी घेतली आणि घरी आलो. आई म्हणाली, ‘‘दारावर माणसं यायचीत म्हणून आणतोयस होय? पण त्या बाईकडूनच कशाला?’’

कॉनराद मला खाणीत टाळत होता. सुरुंगाची वेळ झाली की शिटी वाजवायचा आणि पाठ फिरवायचा. गुरुवारी मी त्याला गाठलं.

‘‘मी काय करू?’’

‘‘मला विचारतोस? मी छत्तीस वर्षं तोंड शिवून बसलेला माणूस.’’

‘‘म्हणून तर विचारतोय. कसं वाटतं ते सांग.’’

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं. ‘‘सवय होते,’’ तो म्हणाला. ‘‘ती दुकानात समोर आली की मी सिगारेट विसरल्यासारखं करून बाहेर पडतो. छत्तीस वर्षं. माझी बायको म्हणते तुझी स्मरणशक्ती गेली.’’

फादर दियोनकडेही गेलो मी. तरुण पाद्री, नुकताच शहरातून आलेला, त्याला या भानगडीत काडीचाही रस नव्हता असं नाही, पण शनिवारी दफनाला बिशप यायचा होता. ‘‘रोझेर, एका बुटावरून तुम्ही एवढा निष्कर्ष काढताय,’’ तो म्हणाला. ‘‘दफन होऊ द्या. मग शांतपणे बोलू.’’ माझं डोकं फिरलं. शांतपणे! ज्याला शांतपणे बसता येतं त्याने बोलावं. मला चार दिवस खुर्ची टोचत होती, पलंग टोचत होता, शॉवेलच्या खोलीत तर श्वास कोंडत होता. माझाच बाप पळाला होता. टोपी कानावर ओढून. सहा वर्षांच्या मला त्या सकाळी त्याने काय म्हटलं होतं हे आठवायचा मी रात्रंदिवस प्रयत्न करत होतो, आणि काहीच आठवत नव्हतं. बहुतेक काही म्हटलंच नसावं.

शुक्रवारी दुपारी पेटी आली. हल्ली लोक शहरातल्यासारखं बाहेर हॉलमध्ये ठेवतात, पण आई ऐकायला तयार नव्हती. माझा माणूस माझ्या बैठकीत येईल, म्हणाली. पेटी दोन स्टुलांवर ठेवली, झाकण बंद. झाकणावर मखमलीच्या तुकड्यावर तो बिल्ला. डोक्याच्या बाजूला विधवेची खुर्ची. आई त्यात बसली, काळ्या झग्यात, एक हात लाकडावर ठेवून, आणि मी देवाशपथ सांगतो, ती नवरीसारखी दिसत होती. खिडकीबाहेर घर हलवणाऱ्या मुकादमाने आणून टाकलेले ओंडके पडले होते. बायकांनी आणलेल्या खाण्याने टेबल भरलं. लोक रांगेने येत, आईचा हात हातात घेत, ‘‘मादाम पेपें, तुमच्या दुःखात आम्ही आहोत’’ म्हणत, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन हसत-खिदळत खात, जसं नेहमी चालतं.

तीनच्या सुमारास बैठकीतली बडबड एकदम खाली बसली. दारात अल्बर्तीन उभी होती. हातात मातीचं भांडं, काकवी घालून शिजवलेल्या घेवड्याचं. ती आमच्या घरात छत्तीस वर्षांत आली नव्हती.

‘‘काय गं अल्बर्तीन,’’ आई बसल्या जागेवरून म्हणाली, ‘‘वाट चुकलीस का?’’

कोणीतरी स्वयंपाकघरात फिसकन हसलं. अल्बर्तीनने भांडं टेबलावर ठेवलं. तिथे जागा नव्हती, तिने स्वतःच दोन बश्या सरकवल्या. मग ती पेटीपाशी आली, गुडघे टेकून बसली आणि तिने प्रार्थना म्हटली. पूर्ण म्हटली, घाई न करता. कुणासाठी म्हणतेय ते तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो.

ती उठली. ‘‘तुझं बरं झालं, एक्सिल्दा. तुला तुझा माणूस मिळाला.’’

आईने एवढंच घ्यायला हवं होतं. हो म्हणायला हवं होतं. पण खोली भरलेली होती, सगळे ऐकत होते, आणि एवढा मोठा दिवस तिच्या आयुष्यात पुन्हा यायचा नव्हता.

‘‘माझा माणूस जिथे होता तिथेच होता,’’ ती म्हणाली. ‘‘कामावर. सगळ्यांचे नवरे काही पायाला पाय लावून पळत नाहीत.’’

अल्बर्तीनने एप्रनला हात पुसले. तिला सवय होती. ती पाहून मला सगळ्यात जास्त लाज वाटली, त्या सवयीची. ती दाराकडे वळली.

‘‘मादाम अल्बर्तीन, थांबा,’’ मी म्हणालो.

मी माझ्या खोलीत गेलो, पलंगाखालून डबा काढला आणि बैठकीत आलो. फादर दियोन खुर्चीवरून अर्धवट उठला. ‘‘रोझेर, आता नको...’’ मी त्याच्याकडे बघितलं, तो बसला. मी बूट काढून पेटीच्या झाकणावर ठेवला, बिल्ल्याच्या शेजारी.

‘‘हा त्याच्या पायात होता,’’ मी म्हणालो. ‘‘या पेटीतल्या माणसाच्या. दोनशे बारा नंबर ज्याच्या पट्ट्याला होता त्याच्या.’’

आई म्हणाली, ‘‘हे काय घाण आणून ठेवलंस?’’

‘‘आई, पेटीत बाबा नाहीत.’’

‘‘ह्याचं डोकं फिरलंय. चार दिवस झाले, झोपला नाहीये हा. फादर, बघा जरा ह्याच्याकडे.’’

‘‘बाबांनी आपला बिल्ला दुसऱ्याला दिला होता. त्यांच्या जागी तो खाली उतरला. कॉनरादला विचार. कॉनराद!’’

कॉनराद स्वयंपाकघराच्या दारात होता, तोंडात घास. त्याने तो गिळला. मला वाटलं हा आता सिगारेट विसरणार. पण तो आत आला. ‘‘खरं आहे,’’ तो म्हणाला. ‘‘मी बघितलं. आणि आम्ही सगळेच द्यायचो बिल्ला. इथे बसलेल्यांतले निम्मे म्हातारे द्यायचे. बोला की आता, खोटं आहे का?’’ म्हातारे आपापल्या टोप्यांकडे बघत राहिले.

अल्बर्तीन परत आली होती. तिने बूट उचलला नाही आधी. नुसतं बोट फिरवलं तळावरून. मग उचलून उलटा धरला आणि उजेडाला नेला.

‘‘सात खिळे,’’ ती म्हणाली. ‘‘आठवा वाकला म्हणून मी काढून टाकला होता. हे बघा भोक.’’ तिने ते आईला दाखवलं नाही, बाकीच्या बायकांना दाखवलं. एकेकीपुढे धरलं. ‘‘हे भोक. दिसतंय ना तुला, मारी-आंज? तो डबा घेऊन गेला होता. मी सांगत होते. मी तुम्हाला सांगत होते ना?’’

मारी-आंजने मान खाली घातली. अल्बर्तीन पेटीजवळ आली आणि तिने दोन्ही हात झाकणावर ठेवले, पण ते कसे ठेवावे हे तिला कळेना. आधी तळवे, मग मुठी, मग पुन्हा तळवे. रडली नाही.

आईचा हात अजून लाकडावरच होता. तिने तो काढून घेतला. हळू, भाजल्यावर काढतात तसा नाही, दुसऱ्याच्या वस्तूवर चुकून पडलेला काढतात तसा. मग ती खुर्चीतून उठली. तिच्या स्वतःच्या बैठकीत ती उभी राहिली आणि कुठे जावं ते तिला समजत नव्हतं. मी तिला धरायला पुढे झालो तर तिने माझा हात झटकला. बरोबरच होतं. तिचा नवरा मीच तिला आणून दिला होता आणि मीच परत घेतला होता.

‘‘मग माझा कुठे आहे?’’ ती म्हणाली.

तिने हे कुणाला विचारलं माहीत नाही. खोलीत पंचवीस माणसं होती. स्टेशनमास्तर मरून वीस वर्षं झाली होती. कुठल्या सूतगिरणीत, कुठल्या गावात, कुणाच्या घरात, जिवंत की मेलेला, काहीच कधी कळणार नव्हतं, आणि हे आईच्या चेहऱ्यावर एकेक करून उतरताना मला दिसत होतं.

कॉनरादने टोपी काढली. तो पहिला पुढे झाला आणि माझ्या आईला मागे टाकून अल्बर्तीनसमोर उभा राहिला. ‘‘मादाम रोबेर्ज,’’ तो म्हणाला, त्याचा आवाज चिरकला, ‘‘तुमच्या दुःखात आम्ही आहोत.’’ त्याच्यामागे मारी-आंज, मग बाकीचे. रांग वळली. कोणी ठरवलं नव्हतं. आईच्या बाजूची जमीन मोकळी होत गेली.

अल्बर्तीनने सगळ्यांचे हात घेतले. शेवटचा माणूस झाला तेव्हा ती आईकडे वळली. मला भीती वाटली. तिला जे म्हणायचा अधिकार होता ते तिने म्हटलं असतं तर मी तिला अडवलं नसतं. पण तिने विधवेची ती खुर्ची ओढली आणि आईच्या मागे आणून ठेवली.

‘‘बस, एक्सिल्दा. पहिल्या दिवशी पायांत उभं राहायचं बळ नसतं.’’

आई बसली. तिने अल्बर्तीनच्या एप्रनचं टोक मुठीत धरलं होतं, मला वाटतं तिला ते समजलंही नव्हतं. अल्बर्तीनने सोडवून घेतलं नाही. दोघी तशाच राहिल्या, एक बसलेली, एक उभी, आणि बाकीचे आम्ही काय करावं ते न सुचून उभे.

‘‘किती दिवस वाटतं गं,’’ आईने खालच्या आवाजात विचारलं, ‘‘येईल म्हणून?’’

अल्बर्तीनने विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं.

‘‘मला आज सकाळपर्यंत वाटत होतं,’’ ती म्हणाली.